दंडाला बांधलेला रुपया

इथे हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्यातल्या बायका हल्ली मुलांकडे अमेरिकेला सहा-सहा महिने राहून येतात आणि आल्या की पुढचे सहा महिने तेच दळण दळतात. तिथली थंडी, तिथले रस्ते, सुनेच्या हातची पातळ आमटी. मग माझ्याकडे वळून विचारतात, "सरोजताई, तुम्ही कधी परदेशात राहिलात का हो?" मी म्हणते, "राहिले की. नाशिकला." त्या हसतात. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटत असणार.

हसायला काय जातंय! सन अठ्ठेचाळीसच्या चैत्रात आम्ही काचीगुड्याच्या स्टेशनवर मनमाडच्या गाडीत बसलो तेव्हा नाशिक आमच्या दृष्टीनं परमुलूखच होता. आमचा रुपया वेगळा, आमची पोस्टाची तिकिटं वेगळी, आमची सुट्टीसुद्धा शुक्रवारची. हद्दीवर शिपाई डब्यात चढून पेट्या उपसून बघायचे. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन बसला होता आणि आम्ही मात्र निजामाच्या राज्यात तसेच, ना घरचे ना घाटचे. रझाकारांच्या कवायती चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला आणि माझे वडील दिगंबरराव, जे वकीलच होते, ते घरी बसले. शेवटी त्यांनी ठरवलं की हवा पालटेपर्यंत आपण नाशिकला इंदुताईकडे जाऊन राहायचं. इंदुताई म्हणजे माझी आत्या. तिचे यजमान तिथल्या नोटांच्या छापखान्यात होते. आम्ही चौघं निघालो. बाबा, आई, माझा मोठा भाऊ प्रभाकर आणि मी.

आम्ही परतलो ती दिवाळी उलटून गेल्यावर. आणि एवढ्या काळात माझी आई, सुशीलाबाई, नाशिकला पोचलीच नाही. देहानं होती हो तिथे, मागच्या पडवीत बसून गवार निवडत होती. पण तिच्या मते ती पोचली नव्हती, आणि त्यापायी तिनं आम्हा सगळ्यांना जीव नकोसा करून सोडला. आजही आठवलं की माझं डोकं उठतं.

याचं मूळ बिल्कीस खालात होतं.

खाला म्हणजे मावशी; त्या आमच्या शेजारच्या. दोन्ही घरांच्या अंगणांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक ठेंगणं दार. त्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या, पण मी त्या लावलेल्या कधी पाहिल्या नाहीत. आई सोवळ्यात असली की खाला उंबऱ्यापलीकडेच वेताचा मोढा टाकून बसायच्या. आई इकडे, खाला तिकडे, आणि मध्ये दुपारभर गप्पा. माझ्या आईला उर्दू वाचता येत नव्हतं आणि खालांना मराठी बोलता येत नव्हतं, पण दोघींनी मिळून सगळ्या गल्लीची सालं काढलेली होती.

आम्ही निघालो त्या सकाळी खाला त्या दारातून आल्या. हातात हिरव्या रेशमाची चिंधी आणि त्यात गुंडाळलेला रुपया. घराच्या किल्ल्या त्यांनी आईकडून घेतल्या आणि तो रुपया आईच्या उजव्या दंडाला बांधला. याला इमामजामीन म्हणतात. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला बांधायचा, म्हणजे इमाम त्याला जामीन राहतो, वाटेत काही होऊ देत नाही. मुक्कामाला सुखरूप पोचलं की गाठ सोडायची आणि तो रुपया तिथल्या गरिबाला देऊन टाकायचा. "पहुँचतेच खैरात कर देना, सुसीला," खालांनी बजावलं. "भूलना नक्को."

आता ऐका. तो रुपया हाली होता. हाली म्हणजे निजामाचा, वर चारमिनारचं चित्र असलेला. तो हैदराबादेत चाले. नाशिकच्या भिकाऱ्याला त्याचं काय कौतुक! त्याला हवा कलदार, म्हणजे इंग्रजांचा.

झालं! पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आई गोदावरीवर गेली, मी बरोबर होते. नाशिकसारखं गाव. तिथे पाणी कमी पडेल पण भिकारी कमी पडायचे नाहीत. आईनं गाठ सोडली आणि पायरीवरच्या एका म्हातारीच्या हातावर रुपया ठेवला. म्हातारीनं तो उलटा केला, सुलटा केला, चारमिनारवर अंगठा घासला आणि आईच्या पायाशी टाकून दिला. "गरिबाची थट्टा करता होय बाई? हे खेळातलं नाणं काय करू मी?"

आईनं रुपया उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा चिंधीत बांधून मला म्हणाली, "बांध गं." एका हातानं तिला गाठ मारता येईना. मी बांधला. घरी येऊन तिनं सगळ्यांना सांगून टाकलं की रुपया कोणी घेत नाही, म्हणजे प्रवास पुरा झालेला नाही, म्हणजे आपण पोचलेलो नाही.

बाबा म्हणाले, "अगं, त्याऐवजी कलदार रुपया दे. रुपयाला रुपया."

"खालांनी हा बांधला. हाच द्यायचा."

"बदलून आणतो पेठेतून."

"म्हणजे सराफाला पोचला. गरिबाला कुठं पोचला?"

बाबा वकील होते. भल्याभल्या मौलवींशी त्यांनी फारसी कलमांवरून वाद घातले होते. इथे मात्र ते छपराकडे बघत बसले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला बोलले असते! पण न पोचलेलं माणूस कसं वागतं हे आईनं आम्हाला दाखवून द्यायचंच ठरवलं होतं. तिनं पेटी उघडली नाही. काळी पत्र्याची मोठी पेटी, आम्हा दोघींचे सगळे कपडे तिच्यात. वरच्या वळकटीत जी चार लुगडी होती ती आलटूनपालटून नेसायची, धुवायची, पुन्हा नेसायची. देव डब्यातून काढले नाहीत. रोज सकाळी डब्यालाच फूल वाहायचं. आत्यानं भिंतीतलं एक फडताळ रिकामं करून दिलं होतं, ते रिकामंच राहिलं. कोणी विचारलं की एकच उत्तर. "पोचलो की लावू." आम्ही चौघं एका चांगल्या भरल्या घरात असे राहत होतो की जणू आत्ता घंटा होईल आणि गाडी सुटेल.

माझं तर तिनं फारच वाईट केलं. मी मॅट्रिक झाले होते. जूनमध्ये आत्याचे यजमान आपणहून म्हणाले, "सरोजला इथल्या कॉलेजात घालू, माझी ओळख आहे." मला रात्रभर आनंदानं झोप आली नाही. सकाळी आई म्हणाली, "पोचल्यावर बघू."

मी ओरडले, "आई, आपण पोचून दोन महिने झाले! हे नाशिक आहे! ही आत्या आहे! ती गोदावरी आहे!"

"ओरडू नक्को. लोकाचं घर आहे."

बाबा मध्ये पडले नाहीत. त्यांना वाटत होतं आज ना उद्या ती ऐकेल. शिवाय त्यांचं त्यांनाच सुचत नव्हतं. आठवडाभर रिकामे बसायचे आणि शुक्रवार आला की म्हणायचे, "चला, आज सुट्टी." माझं वर्ष वाया गेलं ते गेलंच.

आत्याचं वेगळंच. तिच्याकडे सोवळं कडक. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "वहिनी, ते फडकं काढा, नाहीतर चुलीपाशी येऊ नका." आई उठून मागच्या पडवीत जाऊन बसली आणि जाईपर्यंत तिथेच बसली. भाजी निवडायची, ताक घुसळायचं, पण चुलीकडे फिरकायची नाही. त्यामुळे आम्हाला रोज आत्याच्या हातची गूळ आणि आमसुलं घातलेली आमटी. चिंचेच्या आंबट वरणासाठी बाबा झुरत होते, प्रभाकर झुरत होता, आणि ज्या बाईला ते करता येत होतं ती दंडाला रुपया बांधून पडवीत बसली होती. घरासाठी एवढी साधी गाठ सोडवेना तिच्यानं!

एकदा मात्र मला वाटलं सुटलो. श्रावणात काळ्या रामाच्या दर्शनाला गेलो होतो. तिथे दाराशी एक माणूस बसला होता, बायको आणि तान्हं पोर घेऊन. बोलण्यावरून कळलं की जालन्याकडचा, आमच्यासारखाच पळून आलेला. मी आईचा दंड धरला. "आई, हा आपल्याकडचा आहे. ह्याला हाली चालेल." त्या माणसानं 'हाली' ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "द्या की माय," म्हणाला. "हिकडं जालन्याची माणसं येत्यात, चालवीन मी कुठंबी."

आईनं दंडावर हात ठेवला. झाकलाच. मग कनवटीची कलदार नाणी होती तेवढी त्याच्यापुढे ओतली आणि चालू लागली. हाली दिला नाही.

मी रस्त्यात तिला अडवलं. "का नाही दिलास? तो गरीब नव्हता?"

"गरीब होता."

"मग?"

"तो तरी कुठं पोचलाय? न पोचलेल्याला देऊन काय फायदा?"

 मी तिला मागे टाकून तरातरा घरी आले. ती मात्र त्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसून गुणगुणत होती, हे मला चांगलं आठवतं. तेव्हा त्याचाच मला जास्त संताप आला.

सप्टेंबरात फौजा हैदराबादेत शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. रेडिओवर बातमी आली तशी आत्यानं पेढे वाटले. बाबा रडले. प्रभाकर गावभर फिरून आला. आईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "चिक्कडपल्लीचं काही सांगितलं का?"

"हैदराबाद आपलं झालं, वहिनी!" आत्या म्हणाली. "अजून काय सांगायचं?"

"खाला बऱ्या आहेत का, ते."

आत्याचा पारा चढला. "धन्य आहे तुमची! ज्यांच्या लोकांपायी घर सोडून पळालात, त्यांचीच काळजी?"

"खाला म्हणजे लोक नव्हेत, वन्सं," आई म्हणाली. ती आत्याला उलट बोललेली मी एवढी एकदाच ऐकली.

त्या दिवसापासून तिनं निघायचा धोशा लावला. उलट्यासुलट्या बातम्या येत होत्या. कुठे काय जाळलं, कोणाला काय केलं, आता पाळी कोणाची आली. बाबा म्हणत, जरा निवू दे. आत्या म्हणे, दिवाळी करून जा. आई रोज सकाळी वळकटी बांधायची आणि रात्री अंथरायला सोडायची. तिला घरची ओढ होती असं सगळे समजत होते. मला माहीत होतं, तिला फक्त त्या ठेंगण्या दारापलीकडे खाला आहेत की नाहीत एवढंच बघायचं होतं. गाठ खालांच्याच हातानं सुटायची होती. आणि त्या नसल्या तर? हा प्रश्न मी तिला एकदा रागाच्या भरात विचारला. ती इतकी पांढरी पडली की मीच पाणी आणायला धावले.

शेवटी मार्गशीर्षात आम्ही काचीगुड्याला उतरलो. हद्दीवर पेट्या बघायला कोणी आलं नाही. टांगा गल्लीत शिरला तेव्हा आमच्या घराला कुलूप होतं तसंच होतं. आई टांगा थांबायच्या आत उतरली आणि खालांच्या पुढच्या दाराकडे गेली. आम्ही मागून.

"कौन है?"

"मी."

खाला बाहेर आल्या. निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी आईला कवटाळलं, आणि त्यांचा हात आईच्या दंडावरच्या त्या चिंधीला लागला. हिरवा रंग कधीच गेला होता. खाला मागे सरकल्या आणि ती बघतच राहिल्या.

"अरी दीवानी! ये क्या? अब्भी तक बांधको फिरली?"

"तिथं कोणी घेतला नाही."

"पूरे नासिक में एक फकीर नै मिला तेरेकू?"

बघा! मी गेले कित्येक महिने हेच म्हणत होते. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, "सांगा तिला, खाला, सांगा!" खालांनी सांगितलं नाही. त्या रडायला लागल्या. मग गाठ सोडायला लागल्या, पण ती घामानं आणि पाण्यानं इतकी घट्ट झाली होती की बोटांनी सुटेना. त्यांनी दातांनी सोडवली. गल्लीच्या वळणावर एक आंधळी बाई बसायची, ती अजून होती. आईनं स्वतः जाऊन रुपया तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपला, ओळखला, कपाळाला लावला.

आई परत आली आणि खालांच्या ओट्यावर मटकन बसली. "पोचले," म्हणाली.

तेव्हा कुठे तिचं लक्ष आत गेलं. माझं आधीच गेलं होतं. आतल्या खोलीत भिंती उघड्या पडल्या होत्या आणि मध्ये सुंभानं आवळलेल्या पेट्या रचलेल्या होत्या.

"ह्या कोणाच्या?"

खालांनी सांगितलं. थोरल्या मुलाची नोकरी गेली, तो कराचीला गेला, तिकडे त्याला काही मिळालंय. साहेबांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, तब्येत बरी नाही, इथे कोणी बघणारं नाही. या शुक्रवारी मुंबई, तिथून जहाज. "तेरीच राह देख रही थी," म्हणाल्या. "चाबियां देनी थीं."

आई उठली, किल्ल्या घेतल्या, घराचं कुलूप काढलं आणि ज्या पेटीला तिनं एवढे महिने आम्हाला हात लावू दिला नव्हता ती पेटी ओसरीवर ठेवून उघडली. आतून माझा हिरवा रेशमी खण काढला. कॉलेजात पहिल्या दिवशी घालायला त्याची चोळी शिवायची होती. टरकन फाडला. मी "अगं आई!" म्हणते आहे तोवर तिनं बाबांच्या पुढे हात केला. "रुपया द्या."

बाबांना समजलं. त्यांनी खिशातून नवा कोरा कलदार काढला. "हा घे. तिकडे हाच चालेल."

"नक्को. हाली द्या."

"सुशीला, वेडी आहेस का? कराचीत हाली कोण घेणार? कुत्रंसुद्धा हुंगणार नाही."

"म्हणूनच," आई म्हणाली. "तिथं कोणी घेणार नाही. कोणी घेतला नाही की परत यावं लागतं."

  गोदावरीवरची ती म्हातारी, जालन्याचा तो माणूस, पडवीतलं गुणगुणणं, सगळं मला एकदम कळलं, आणि खरं सांगते, मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. बाबांनी मुकाट्यानं पेटीच्या तळाशी हात घालून चारमिनारचा एक रुपया शोधून दिला. आई भिंतीतल्या त्या ठेंगण्या दारानं पलीकडे गेली.

शुक्रवारी खाला गेल्या. टांग्यात बसताना त्यांनी बुरख्यातून दंड बाहेर काढून आईला दाखवला. माझा खण होता तो.

पुढे मी कोठीच्या कॉलेजात गेले, एक वर्ष उशिरा. हाली नाणी बंद झाली. खालांच्या घरात अप्पाराव नावाचे तेलुगू मास्तर राहायला आले. भला माणूस. पण त्या दाराची कडी आमच्या बाजूनं घालायची नाही असा आईचा हुकूम. वारा सुटला की दार आपटायचं, मांजरं यायची, पावसाचं पाणी यायचं. शेवटी मास्तरांनी कंटाळून त्यांच्या बाजूनं विटांची भिंत घातली. तरी आमची कडी उघडीच. दार उघडलं की समोर विटा, आणि कडी घालायची नाही! सगळी गल्ली हसायची. प्रभाकरच्या बायकोनं तर एकदा मला विचारलं, "वन्सं, सासूबाईंचं पहिल्यापासून असंच आहे का?" मी म्हटलं, "पहिल्यापासून."

खाला कराचीत वारल्याचं त्यांच्या भाच्यानं येऊन सांगितलं तेव्हा आईनं स्नान केलं, एक दिवस जेवली नाही. मला वाटलं, चला, आता तरी संपलं.

आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी माहेरी जाऊन राहिले होते. एका संध्याकाळी वाऱ्यानं ते दार सारखं आपटत होतं, म्हणून मी जाऊन कडी घातली. आत आले तर आईनं डोळे उघडले.

"कडी घातलीस?"

"आई, पलीकडे भिंत आहे. खाला कराचीला गेल्या. तिथं वारल्या. तुला माहीत आहे ना?"

"वारल्या असतील," आई म्हणाली. "पण पोचल्या कुठं? तो रुपया तिथं घेतला असेल का कोणी?"

मला उत्तर द्यायचं होतं. जन्मभर दिलं होतं. इतका राग आला! मी उठले, अंगणात गेले आणि कडी काढून आले.